चार चाकं, जाड जीभ: जुन्या आणि नव्या बी६ची घरच्या घरी पारख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात २०१६ पासून एलॅकची डेब्यू बी६ ही स्पीकरची जोडी आहे. मेहुणे अमेरिकेतून कायमचे परत आले, येताना त्याच मालिकेतली सुधारित बी६.२ घेऊन आले, आणि ती तुम्हाला द्यायला तयार आहेत. ठाण्याच्या दहा बाय बारा फुटांच्या हॉलमध्ये तुम्ही जुनी जोडी काढून त्याच स्टँडवर नवी ठेवली आणि एक संध्याकाळ ऐकली. तुम्हाला आवाज मोकळा, पण अंगाने बारीक वाटला. वहिनींना मात्र नवीच आवडली. कोणाचं खरं, आणि जोडी ठेवावी का?

दोघांचंही खरं असण्याची दाट शक्यता आहे. तुम्ही मधल्या खुर्चीत बसता आणि वहिनी दिवाणाच्या टोकाला, खिडकीपाशी, असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. या प्रश्नाची अर्धी उकल त्या वाक्यात आहे. त्याकडे येतो, पण आधी एक साधी तपासणी करून घ्या.

स्पीकर काढून पुन्हा जोडताना एका बाजूची लाल-काळी वायर उलटी लागली, तर नेमकं तुम्ही सांगता तसंच होतं: आवाज खोलीभर पसरलेला, मोकळा वाटतो आणि खर्ज गळून जातो. एका स्पीकरच्या पडद्याची पुढची ढकल दुसऱ्याच्या मागच्या ओढीत विरते. मी तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन स्पीकर लावतो आणि बिघडलेले दुरुस्त करतो. ‘नव्या जोडीला बेस नाही’ म्हणून विकायला काढलेल्या किती तरी जोड्या मी फक्त वायर सरळ करून परत दिल्या आहेत. बातम्या लावा आणि अ‍ॅम्पवर मोनो करा, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज जाईल. निवेदकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो डोक्याभोवती तरंगत असेल तर एका बाजूची वायर उलटी आहे. व्होल्टेजची काळजी सोडा. या पॅसिव्ह पेट्या आहेत, भिंतीतली वीज त्यांच्यात जातच नाही. तिकडच्या १२० व्होल्टचा प्रश्न अ‍ॅम्प आणला असता तर आला असता.

आता मूळ मुद्दा. सुधारित स्पीकर ऐकायचा तर सुधारणा कुठे झाली ते आधी माहीत हवं, नाहीतर कान भलतीकडेच शोधत राहतात. बी६ आला २०१५ मध्ये. जर्मनीतल्या कीलची ही १९२६ सालची कंपनी. तिने अँड्र्यू जोन्स यांना घेतलं, आणि २८० डॉलरच्या आसपासच्या या जोडीने त्या किमतीत काय मिळू शकतं याबद्दलची लोकांची अपेक्षाच बदलली. जोन्स त्याआधी केईएफ या ब्रिटिश स्पीकर कंपनीत होते, मग पायोनियरमध्ये. तिथे त्यांनी टॅड या पायोनियरच्याच महागड्या ब्रँडचे लाखो रुपयांचे स्पीकरही केले आणि सव्वाशे-दीडशे डॉलरची एसपी-बीएस२२ सुद्धा. २०१८ मध्ये बी६.२ केला तोही त्यांनीच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. स्वस्त स्पीकरमध्ये तडजोडी असतातच. त्या कुठे आहेत हे ज्याला आतून ठाऊक आहे, त्यानेच तीन वर्षांनी परत हात घातला.

आता आकडे पाहा. साडेसहा इंची, अरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याने विणलेल्या पडद्याचा वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर, दोन्हींत आहे. एक इंची कापडी घुमटाचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर, दोन्हींत आहे. विजेला होणारा अडथळा सहा ओहमच्या आसपास, ठरावीक विजेवर निघणारा आवाज ८७ डेसिबल आणि खाली ४४ हर्ट्झपर्यंतचा दावा, हेही जवळपास तेच. म्हणजे खर्ज खोल जावा हा या बदलाचा हेतूच नव्हता. कंपनीच्या पत्रकात वरचं टोक २० हजार हर्ट्झवरून ३५ हजारावर गेलं आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. माणसाचा कान २० हजाराच्या पुढे जात नाही आणि पन्नाशीत तो बराच खाली आलेला असतो. खरे बदल तीन आहेत. वूफरकडून ट्वीटरकडे आवाज सोपवायची जागा ३००० हर्ट्झवरून २२०० हर्ट्झवर आली आणि त्यासाठी ट्वीटर आणि त्याभोवतीची खोलगट वाटी, म्हणजे वेव्हगाइड, नवी झाली. मागचं पोर्टचं, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर करणारं, भोक पुढे आलं आणि त्याची आडवी फट झाली. पेटी अरुंद आणि किंचित उंच झाली, आतून आडवे आधारही आले.

पहिला बदल सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून तिथे थोडं थांबतो.

आवाजाची लाट पडद्याच्या रुंदीपेक्षा लांब असते तोवर वूफर तो आवाज सगळीकडे पसरवतो. लाट आखूड झाली की तोच पडदा टॉर्चसारखा फक्त समोर फेकायला लागतो. साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग साधारण १३ सेंटिमीटर असतो. ३००० हर्ट्झची लाट साडेअकरा सेंटिमीटरची, म्हणजे पडद्याहून आखूड. २२०० हर्ट्झची साडेपंधरा सेंटिमीटरची, म्हणजे पडद्याहून लांब. आता जुन्या बी६मध्ये काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. सूर वर चढत ३००० कडे जातो तसा वूफर अरुंद होत जातो आणि बाजूला बसलेल्याला कमी कमी ऐकू येतं. मग छोटासा ट्वीटर सूत्रं हातात घेतो आणि आवाज पुन्हा रुंद पसरतो. समोरच्या खुर्चीत हा सांधा कळत नाही, कारण तिथे डिझायनरने तो जुळवलेला असतो. बाजूला मात्र त्या पट्ट्यात खळगा राहतो. नव्यात सांधा खाली आणला आहे, जिथे वूफर अजून बऱ्यापैकी पसरवतो आहे. वेव्हगाइडचं कामही दुहेरी: ट्वीटरचा खालचा भाग ती थोडा आवरून वूफरच्या पसरण्याशी जुळवून घेते, आणि त्या पट्ट्यात त्याला जोर देते, म्हणजे एवढ्या खाली उतरूनही त्या नाजूक घुमटावर ताण येत नाही.

वहिनी बाजूलाच बसतात. त्या खळग्यातून बाहेर आल्या आहेत.

‘पण मी तर मधे बसतो’ असं तुम्ही म्हणाल. मधे बसूनही बाजूचा आवाज तुमच्यापर्यंत येतोच, फक्त भिंतीवर आपटून येतो. दहा बाय बाराच्या खोलीत, खाली टाइल्स आणि बाजूला उघड्या भिंती असताना, कानावर पडणाऱ्या आवाजातला मोठा हिस्सा परतलेलाच असतो. आधी ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मन या स्पीकर कंपनीत ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी अनेक दशकं हेच तपासलं. कापडाच्या पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकवले तेव्हा लोकांची पसंती बहुतेक वेळा अशाच स्पीकरकडे गेली, ज्यांचा समोरचा आवाज सपाट आहे आणि बाजूचा आवाज त्याच्याच चेहऱ्यामोहऱ्याचा आहे. तेव्हा नव्या जोडीचा मोठा गुण ऐकायचा तर एक संध्याकाळ तुम्ही दिवाणाच्या टोकाला बसा आणि वहिनींना खुर्चीत बसवा.

तिथे बसून काय ऐकायचं? गाणं नंतर. आधी घरातल्या माणसाचा आवाज. मी फोनवर माझ्या आईचा आवाज गॅलरीत, भिंतींपासून लांब, तोंडापासून हातभर अंतरावर रेकॉर्ड करून ठेवला आहे. तिला एवढंच म्हणायला लावलं होतं: ‘चार चाकं, जाड जीभ, चार चमचे चहा.’ मराठीत च आणि ज दोन-दोन आहेत. ‘चार’मधला च तालव्य, ‘चाक’मधला दंततालव्य. ‘जीभ’चा ज वेगळा, ‘जाड’चा वेगळा. लिहिताना अक्षर एकच, पण तालव्य च चा घासरा खालच्या पट्टीत, साधारण अडीच-तीन हजारापासून सुरू होतो, आणि दाताशी जीभ लावून काढलेल्या च चा घासरा त्याच्या बराच वर असतो. म्हणजे एक आपल्या सांध्याच्या अगदी शेजारी आणि दुसरा निखळ ट्वीटरच्या हद्दीत. सांध्यात खळगा असेल तर ‘चार’ दबतो आणि ‘चाक’ पुढे येतं. त्याच माणसाचे दोन शब्द दोन वेगळ्या अंतरांवरून आल्यासारखे वाटतात. ज्या आवाजाला तुम्ही रोज ओळखता, त्याच्या बाबतीत कान फसत नाही. खुर्चीतून ऐका, मग टोकाला सरकून ऐका. आई तीच राहते का, एवढंच पाहा. मला हे वाक्य कुठल्याही नावाजलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा जास्त सांगतं.

आता तुमच्या ‘अंगाने बारीक’कडे वळू. वायर सरळ असेल तर संशय जागेवर.

तुम्ही नवी जोडी जुन्याच स्टँडवर, जुन्याच अंतरावर ठेवली. हे न्यायाचं वाटतं, पण ती जागा तुम्ही आठ-नऊ वर्षांत जुन्या जोडीच्या सोयीने शोधलेली आहे. मागे पोर्ट असल्यामुळे तुम्ही पेटी भिंतीपासून फूटभर पुढे घेतली असणार, आणि तेच योग्य होतं. ते भोक भिंतीला चिकटवलं तर त्याचा श्वास कोंडतो. नव्याचं पोर्ट पुढे आहे, तेव्हा मागे मोकळी जागा सोडायचं ते एक कारण संपलं. यावरून पुष्कळ जण समजतात की पुढे पोर्ट म्हणजे भिंतीचा परिणामच संपला. तसं नाही. खर्जाच्या लाटा पेटीला वळसा घालून मागे जातातच, पोर्ट कुठेही असो. भिंतीवरून परतलेली लाट थेट लाटेत मिसळते आणि ज्या सुराच्या लाटेचा चौथा हिस्सा पडदा ते भिंत या अंतराएवढा असतो, तो सूर कापला जातो. पेटीची खोली २७ सेंटिमीटर, मागे मोकळी जागा ३० सेंटिमीटर, म्हणजे पडद्यापासून भिंत ५७ सेंटिमीटर. गणित केलंत तर खळगा १५० हर्ट्झच्या आसपास पडतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३८ हर्ट्झवर असतो. म्हणजे गायकाच्या पायाखालचीच जमीन भुसभुशीत झाली.

हाच खळगा जुन्या जोडीतही होता. पण तिच्या त्या २-३ हजाराच्या दबलेल्या पट्ट्यामुळे एकूण तोल खालच्या अंगाला झुकत होता, आणि तुमच्या कानाला तो तोल म्हणजेच ‘भरीव’ अशी सवय झाली. नव्यात वरचा पट्टा सरळ झाला आणि खालची उणीव उघडी पडली. तुमच्या खोलीत न बसता मी हा अंदाजच बांधू शकतो, पण तो पडताळायला दहा मिनिटं पुरतात. नव्या पेट्या मागे सरकवा, वायरीच्या टोकांना जागा राहील इतक्या, पाच-सहा सेंटिमीटरवर. पडदा भिंतीपासून ३२-३३ सेंटिमीटरवर आला की खळगा २६० हर्ट्झच्या आसपास जातो, त्याखाली भिंत आवाजाला हातभार लावते आणि षड्ज उभा राहतो. तंबोऱ्याची नुसती तार लावून ऐका. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा. त्या तारेची आस शेवटपर्यंत एकसारखी विरत गेली पाहिजे. मधेच ती फुगली तर भिंत जास्त झाली, दोन बोटं पुढे घ्या.

एक सावधगिरी. तुमची खोली स्वतःही वाजते. बारा फुटांच्या लांबीला ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांच्या रुंदीला ५६ हर्ट्झ हे तिचे स्वतःचे सूर आहेत. डग्ग्याची घुमारी एखाद्या ठिकाणी अंगावर येते आणि दोन पावलं सरकलं की गायब होते, ती ही खोली. त्याचं श्रेय किंवा दोष कुठल्याच जोडीला देऊ नका.

थेट तुलना करायची असेल तर जोडी विरुद्ध जोडी लावू नका. दोन जोड्या बदलायला पाच मिनिटं लागतात आणि बारीक फरकांची कानाची आठवण काही सेकंदांची असते. त्यापेक्षा एक जुनी आणि एक नवी पेटी शेजारी शेजारी ठेवा, मधे वीतभर जागा, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. जुनी डाव्या चॅनेलला, नवी उजव्या. फोनच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतं, ते चालू करा. आता अ‍ॅम्पचं बॅलन्सचं बटण फिरवलं की क्षणात एकीवरून दुसरीवर. अर्ध्या तासाने पेट्यांच्या जागा आपसांत बदला, कारण वीतभर अंतरानेही खर्ज बदलतो. मोनोमध्ये ऐकणं रुक्ष वाटेल. पण स्टिरिओचं देखणेपण बाजूला गेलं की स्पीकरचे दोष लवकर कळतात, हेही टूल यांच्या कामातूनच पुढे आलं.

पातळी आधी जुळवा. अर्ध्या-एक डेसिबलने मोठा असलेला स्पीकर ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. म्हणून हे टाळून चालत नाही. फोनवरचं आवाज मोजायचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, फोन तुमच्या खुर्चीत उशीवर ठेवा, पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा धबधब्यासारखा आवाज, लावा आणि आळीपाळीने दोन्ही मोजा. फोनचा आकडा खरा नसतो, पण दोन मापांमधला फरक भरवशाचा असतो. दोन्ही कागदावर ८७ डेसिबलच्या आहेत, तेव्हा फरक थोडाच निघेल. जो निघेल तो अ‍ॅम्पच्या आवाजाच्या बटणाने, बाजू बदलताना, भरून काढा. आणि समोर एखादी पातळ सुती ओढणी टांगा, बॅलन्स वहिनींनी फिरवावा. टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग उघड दाखवून ऐकवले, तेव्हा त्याच माणसांची मतं बदलली. अनुभवी कानांचीही. माझीही बदलतात, म्हणून मी ओढणी सोडत नाही.

अ‍ॅम्पबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. जुना चांगला स्टिरिओ अ‍ॅम्प असेल तर पुढे वाचायची गरज नाही. ऑनलाइन मिळणारा तळहाताएवढा क्लास डी अ‍ॅम्प असेल, तर त्यातल्या काहींचा वरचा पट्टा समोरच्या स्पीकरच्या ओहमप्रमाणे वर-खाली होतो, आणि दोन स्पीकरच्या ओहमचा आलेख कधीच सारखा नसतो. मग तुम्ही स्पीकरसोबत अ‍ॅम्पचीही तुलना करत बसता. एका दिवसासाठी कुणाचा तरी दुसरा अ‍ॅम्प आणा.

पेटीसाठी एक हाताची परीक्षा आहे. माठ घेताना आपण टिचकी मारतो आणि खणखणीत वाजला तर घेतो. इथे उलटं. बोटाच्या पेराने बाजूच्या फळीच्या मध्यावर ठोका आणि कान जवळ न्या. ‘टक्’ होऊन तिथेच मेला पाहिजे. ‘टोंग’ असा सूर लागला तर तो सूर गाण्यातल्या प्रत्येक मध्यम पट्टीच्या आवाजाला चिकटणार. दोन्ही पेट्यांना एकाच जागी ठोका, मग वर, मग मागे. नवीत आधार वाढवल्याचं इथे हाताला कळेल. प्रवासातून आलेली जोडी आहे, तेव्हा वूफरचा पडदा चार बोटांनी सगळीकडून सारखा, अगदी हलका दाबून पाहा. कुठे घासल्यासारखं खरखरलं तर मेहुण्यांना आत्ताच सांगा. आणि दोन्ही नव्या पेट्या एकमेकींशीही ताडून घ्या, त्याच मोनो पद्धतीने. स्वस्त मालात एकाच जोडीतल्या दोन पेट्यांत फरक निघू शकतो, आणि तो निघाला तर आवाज मधोमध कधीच नीट बसत नाही.

आता ठेवावी का? तुम्ही एकटेच ऐकत असता, मधल्या खुर्चीत, पेट्या भिंतीपासून पुढे, हळू आवाजात, तर मी म्हणालो असतो की जुनी जोडी उत्तम आहे, मेहुण्यांची जोडी दुसऱ्या कुणाला मिळू दे. पण तुमच्या घरात दोन माणसं दोन जागांवरून ऐकतात, हॉल लहान आहे, आणि स्टँड फूटभर मागे गेले तर बाल्कनीकडे जायची वाट मोकळी होईल असं तुम्हीच लिहिलं आहे. या घराला बी६.२ बसते. स्टँड २४ इंचांचे असतील तर तेच वापरा. पेटी साडेचौदा-पावणेपंधरा इंच उंच आहे, त्यामुळे ट्वीटर दिवाणावर बसलेल्याच्या कानाशी येईल. उभं राहून निवाडा करू नका. वूफर आणि ट्वीटर एकमेकांच्या वर असल्यामुळे वर-खाली सरकलं की दोघांची जुळणी बिघडते, आणि तिथे वेव्हगाइडही फारशी मदत करत नाही.

जुनी जोडी मात्र लगेच कुणाला देऊ नका. नवी पंधरा दिवस, मागे सरकवलेल्या जागी, रोजच्यासारखी ऐका. कानाला तिची सवय होऊ द्या. मग एका संध्याकाळी जुनी परत लावा, तिच्या जुन्या जागेवर, फूटभर पुढे, आणि ‘चार चाकं’ खुर्चीतूनही ऐका आणि खिडकीपाशी बसूनही. त्या संध्याकाळी काय चुकल्यासारखं वाटलं ते कळवा, आणि वहिनींना काय वाटलं तेही.